माळावरचा पिवळा बावटा

माझं नाव पारू, माहेर मोखाड्याकडलं, दिलं दाभोशाच्या अंगाला, नदीच्या वरती आमचा पाडा हाय. काय सांगू तुमाला, आमचं आयुष्य म्हंजे पावसाळ्यात भात आनि नागली, भात झोडून झालं की बोचकं बांधायचं नि भिवंडीकडं वीटभट्टीवर जायचं, तिथंच माझी मंगल रांगली, तिथंच चालायला लागली. मी विटा थापताना तिला मातीत बसवायची, पन ती बसते कुठं, पायाला भिंगरी लावूनच आलेली, सरकत सरकत ट्रकापाशी जायची नि मुकादम वरडायचा, ए पारू, तुझी पोरगी उचल. ती पोरगी आज मोटारसायकलीवरनं उडते.

तर आमच्या पाड्याच्या वर मोठा माळ हाय, सगळा खडक, पिकत काय नाय तिथं, गुरं तेवढी हिंडतात. एका हिवाळ्यात एक साहेब आला जीप घेऊन, म्हनला इथं मोटारसायकलीची शर्यत घेऊ, मातीतली, ढिगाऱ्यावरनं गाड्या उड्या मारतात ती. गावानं हो म्हनलं, कारन बायांना घरापाशी काम मिळालं. माती घालायची, पानी मारायचं, आनि शर्यतीदिवशी वळनावळनाला बावटा धरायचा. पिवळा बावटा हलला म्हंजे पुढं कुनीतरी पडलंय, गाडी हळू घ्या, उडी मारू नका. सगळ्यात मोठ्या ढिगाऱ्यापाशी साहेबानं मला उभं केलं.

आता त्या ढिगाऱ्याच्या बाजूलाच आमचा वाघदेव, लाकडाचा, शेंदूर लावलेला. त्याच्यापुढनं आमी पळत नाय. पोर असू दे का म्हातारं, वहाना काढून सावकाश चालत जायचं, कारन पळालं की ते मागं लागतं. त्याचं नाव नाय घेत आमी, जनावर म्हनतो. साहेबाला सांगितलं, इथनं हळू जावं लागतं, तर तो हसला, म्हनला मावशी, हळू जायचं तर शर्यत कशाला. तसं खरंच हाय की त्याचं.

पानी आमी सांजेला मारायचो, म्हंजे धूळ बसते, आनि सकाळी दंताळं घेऊन वाट सारखी करायला जायचो. पयल्याच सकाळी बघितलं तर ओल्या मातीवर पाय. जनावराचे. त्याचं नवल नाय, आमच्याकडं फिरतं ते. पन हे पाय गाड्यांच्या वाटेनंच गेलेले, वळनाला वळन घेऊन, सावकाश, कुठं घाई नाय. आनि मोठ्या ढिगाऱ्यावर चढून पलीकडं उतरलेले, आनि उतारावर जिथं गाडी उडून खाली पडते ना, बरोबर तिथं ते जनावर बसलेलं. बसल्याचा ठसा, शेपटाची रेघ, आनि तोंड ढिगाऱ्याकडं, येनाऱ्याकडं. मी साहेबाला बोलवून दाखवलं. साहेब म्हनला, दंताळं फिरवा, पोरं भितील. फिरवलं आमी. दुसऱ्या सकाळी पुन्हा तिथंच बसलेलं, तिसऱ्या सकाळीबी तिथंच.

मंगल तवर जव्हारला मामाच्या गॅरेजात काम करायची. तिला चढावर गाडी चढवताना साहेबानं बघितली नि शर्यतीत घेतली, लहान इंजिनाची गाडी दिली. ती मला म्हनायची, आये, ढिगारा बांधलाय मोठ्या गाडीसाठी, माझी गाडी पुरी उडी घेत नाय, मधीच खाली येते, मला मोठी गाडी पायजे. मी म्हनलं, मंग ढिगारा लहान करा ना. ती म्हनली, मंग बघायला कोन येनार. आईला उत्तर द्यायला ही कधी मागं राहिली नाय.

शर्यतीदिवशी भर दुपार. आवाज आसा की पोटात वाजतोय. मंगल पुढं, आनि तिच्या मागं मोठ्या गाडीवर नाशिककडचा एक पोरगा. आनि एकाएकी आवाज गेला बघा. गाड्या पळतायत, माती उडतीया, सगळं दिसतंय, पन कानात काय नाय, पाखरू नाय, वारा नाय. ढिगाऱ्यापलीकडं धूळ उभी राहिलेली, हलत नव्हती, आनि त्या धुळीत उतारावर ते बसलं व्हतं. निवांत. पाव्हना आपल्या ओट्यावर बसतो तसं, कुनीतरी येनार हे ठाऊक आसल्यासारखं.

मी बावटा हलवला. पुढं कुनी पडलं नव्हतं, वाट मोकळी, तरी हलवला, वरडत व्हते म्हने मी त्या जनावराला, ऊठ, ऊठ, पन माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मंगलनं बघितलं, गाडी हळू घेतली, ढिगाऱ्यावरनं चालवत खाली उतरवली. त्याच्या बाजूनं गेली का त्याच्यातनं गेली, ते मला नाय सांगता येनार. मागचा पोरगा थांबला नाय. त्यानं उडी घेतली, लय उंच गेला, आनि खाली आला तो जिथं ते बसलं व्हतं तिथंच. मंग माझे कान उघडले, समदी मानसं धावली, मी मातर वहाना काढून चालत गेले. लोक म्हनले, पारूला याड लागलं. मातीवर गाडीच्या चाकाबिगर कसलाच ठसा नव्हता.

पोरगा वाचला, मांडी मोडली, जिवावरचं शेपटावर निभावलं. मंगल त्याला दवाखान्यात बघून आली, आनि त्या दिवशी भाकर खाल्ली नाय तिनं. तो तिला विचारत व्हता, मानसं येईस्तोवर माझ्यापाशी कोन बसलं व्हतं, तोंडावर गरम श्वास येत व्हता, मी डोळे उघडले नाय. तवर ही माझ्यावर रागावलेली, वाट मोकळी आसताना बावटा दाखवलास, मी पयली आले आसते म्हनून. त्यानंतर त्या बावट्याचं नाव तिनं कधी काढलं नाय.

मंग शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. गाव म्हनलं, मोठ्या गाड्या माळावर नको. साहेब म्हनला, लहान गाडीवरनंबी पडनारा पडतोच, पडतो तो गाडीच्या जोरानं नाय, आपल्या डोक्यानं. मी उठले. मी कधी बैठकीत बोलले नव्हते. म्हनलं, पडू दे की, पन चालत्या मानसासारखं पडू दे, आभाळातनं नको. माती आमीच घातली, आमीच काढतो. आनि काढली. ढिगारा कंबरेएवढा केला, आता लहान गाड्याच पळतात, पोरं पडतात, खरचटतं, हसत उठतात. पन बघायला कोन येत नाय, खरं तेच सांगायचं, काम गेलं, बाया पुन्हा भट्टीला जायला लागल्या, काही जनी माझ्याशी बोलत नाय.

साहेबानं मोठी शर्यत दुसरीकडं नेली, घाटाच्या वरती. आनि ढिगारा खाली आल्यापास्नं सकाळी ते पाय दिसत नाय. पाडा म्हनतो, देव राजी झाला, गेलं ते. मी कुनाला बोलत नाय, तुमाला सांगते. मला वाटतं, शर्यत गेली तिकडं तेबी गेलंय.

मंगलला तिकडं मोठी गाडी मिळाली. काल माझ्या पाया पडली, म्हनली, आये, जाऊ का. तिचा हात धरून ठेवावा आसं लय वाटलं, आनि मी म्हनलं, जा. पोटच्या पोरीला कोंडून कुठं ठेवू. पन तिकडं वळनावर मी नसनार. जी कोन बाई तिथं बावटा घेऊन उभी आसंल, तिचं नाव गाव मला ठाऊक नाय, तिचं भलं होवो, तिची लेकरं सुखी राहोत. तुमी तिकडं गेलात तर एवढं सांगा तिला, वाट मोकळी आसली तरी तुला काय दिसलं तर लाजू नको बये, हलव.