दोन मांजरं, एक पाळणा अन् विहीणबाईंची शिट्टी

ओळखा! लावा पैज! घरात दोन मांजरं, एक तान्हं बाळ, एक विहीणबाई अन् एक मी, अन् शेवटी शिक्षा झाली ती एकालाच... कोणाला? थांबा, घाई करू नका, तुमच्या मनात जे नाव आलंय ना ते चूक आहे, कारण तुम्ही न्यायानं विचार करताय, अन् आमच्या घरात न्याय म्हणून काही शिल्लकच नाही हो!

तुम्हाला सांगतो, मी साधा माणूस. पन्नास वर्षं सोफ्यांच्या अन् खुर्च्यांच्या गाद्या भरल्या. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, मास्तरांच्या खुर्चीची गादी उसवून बघितली आत काय असतं ते, म्हणून घरी पाठवलं. आता पोराला उत्सुकता असू नये का? ह्यात माझं काय चुकलं, सांगा!

तर मांजरं. ही सूनबाईची. लग्न करून आली ती दोन पेट्या अन् दोन मांजरं घेऊन. एक बोका, ठोंब्या, नावासारखाच. उशीवर ठेवला तर उशी कुठली अन् बोका कुठला ते हात लावल्याशिवाय कळत नाही. अन् दुसरी इन्स्पेक्टरीण. ती पायमोज्याएवढी असताना सूनबाईनं तिला ड्रॉपरनं दूध पाजून जगवलेली. ही बया घरात आलेली पिशवी हुंगल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही! मुलगा कामावरून आला की त्याचे बूट तपासते. माझे तपासत नाही... एकदाच तपासले, तेव्हा आठ दिवस माझ्या सावलीला उभी राहिली नाही.

मग सूनबाईला दिवस गेले. आनंदीआनंद! डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं, म्हणाल्या, "मांजरं राहू देत, फक्त त्यांच्या घाणीची पेटी हिनं साफ करायची नाही. दुसऱ्या कोणीतरी करायची, रोजच्या रोज, अन् हात धुवायचे." दुसऱ्या कोणीतरी! बघा, मुलगा लगेच बुटाची नाडी बांधायला वाकला. सूनबाई माझ्याकडे बघतेय. डॉक्टरीणबाई पण माझ्याकडे बघतायत! त्या बाईला काय माहीत मी कोण? झालं, त्या दिवसापासून मी हातात फावडं घेऊन त्या पेटीतली वाळू उपसतोय, अन् ठोंब्या शेजारी उभा राहून बघतोय, मुकादम जसा.

पण मजा होती हो. इन्स्पेक्टरीण जाऊन सूनबाईच्या पोटाला कान लावून बसायची. आतून लाथ बसली की ही टुणकन उडायची, पोटाकडे रागानं बघायची अन् परत कान लावायची. चौकशी चालू! सूनबाई हसून हसून लाल. "बाबा, बघा ना, पंजानं परत ठोकतेय!" मी म्हटलं, "जबाब घेतेय ती, घेऊ दे."

आता ह्यात आल्या विहीणबाई. सूनबाईची आई. शाळेत पीटी शिकवायच्या. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी शिट्टी गळ्यातच. आल्या, चप्पल काढली, मांजरं बघितली... फुर्रर्र! "ही अजून इथंच? बाळ येणार त्या घरात मांजरं? व्याही, तुम्ही वडीलधारे, तुम्हाला काही कळत नाही?" मी म्हटलं, "विहीणबाई, मला कळलं असतं तर मी वाळू उपसली असती का?"

मग जनावरांच्या डॉक्टरानं एक युक्ती सांगितली. म्हणाला, बाळ यायच्या आधी मांजरांना बाळाच्या रडण्याची सवय करा. मोबाईलवर रोज थोडं थोडं ऐकवा, आवाज हळूहळू वाढवा. मुलानं आपल्या जुन्या मोबाईलवर ते रडणं भरलं अन् मला शिकवलं, "बाबा, वाचता येत नसलं तरी चालेल. हिरवं दाबलं की रडतं, लाल दाबलं की गप्प."

आता मला सांगा. माझ्यासारख्या माणसाच्या हातात असलं यंत्र कोणी देतं का? ह्यात माझं काय चुकलं, सांगा!

पहिल्या दिवशी ऐकवलं. ठोंब्या कपाटामागं गेला तो दोन दिवस जेवायलाच बाहेर आला. इन्स्पेक्टरीण मात्र मोबाईलपाशी गेली, हुंगला, गरम लागला, त्याच्यावर बसली. रडणं बंद. आठ दिवसांत दोघांना सवय झाली. मग उरल्या कोण? विहीणबाई! मी मोबाईल ठेवला पावाच्या डब्यात. त्या पेपर वाचत होत्या. ट्यांऽऽहां! बाई उठल्या, पेपर उडाला, पाळण्याकडे धावल्या, "आले ग राजा, आले!" अन् पाळण्यात वाकून बघतायत... अहो, बाळ अजून पोटात! सूनबाई समोर बसलीय पोटावर हात ठेवून, चहा पीत! विहीणबाईंनी एकदा पोटाकडे बघितलं, एकदा पाळण्याकडे, अन् मग माझ्याकडे. तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शिट्टीनंच काय ते सांगायच्या.

मग नात झाली. काय सांगू... मुठीएवढं तोंड, अन् आवाज त्या मोबाईलसारखाच! पाळण्यातली गादी मी शिवलेली, स्वतःच्या हातानं, मेण लावलेल्या तपकिरी दोऱ्यानं. असला दोरा मीच वापरतो, तुटायचं नाव नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, चष्मा लावून शिवा." मी म्हटलं, पन्नास वर्षांत माझा टाका सुटला नाही, चष्मा तू लाव!

विहीणबाई मदतीला महिनाभर राहिल्या, अन् त्यांनी फर्मान काढलं. मांजरं रविवारी जाणार. त्यांच्या ओळखीच्या माणसाच्या गोदामात. तिथं उंदीर भरपूर, म्हणे. ठोंब्या अन् उंदीर! उंदरांनीच त्याला सांभाळला असता. सूनबाईचा जीव बाळंतपणानं अर्धा झालेला, आईपुढं बोलेना. शनिवारी सकाळी बघितलं तर गुपचूप मांजरांच्या दोन्ही वाट्या धुऊन पिशवीत भरत होती. इन्स्पेक्टरीण त्या पिशवीत डोकं घालून तपासतेय. तिला काय ठाऊक? मला बघवेना. म्हणून जरा घर हसावं, एवढ्याच हेतूनं मी त्या दिवशी मोबाईल दोनदा वाजवला. एकदा विहीणबाईंच्या खुर्चीखाली, एकदा धुण्याच्या बादलीत. कोणी हसलं नाही. चालायचंच.

शनिवार दुपार. मुलगा कामावर, सूनबाई न्हाणीत, नात आतल्या खोलीत झोपलेली. विहीणबाई बाहेर शब्दकोडं सोडवतायत. मी दाराशी एका खुर्चीला कापड ठोकतोय. आमच्या धंद्यात बारके खिळे तोंडात धरायचे अन् एकेक काढून ठोकायचा. अन् आतून... ट्यांऽऽहां!

विहीणबाई मान वर न करता म्हणाल्या, "व्याही, बंद करा."

मी म्हणतोय, "ऊं ऊं!" तोंडात बारा खिळे, बोलणार काय?

"नाटकं पुरे झाली. सकाळपासून तिसऱ्यांदा!"

"ऊं ऊं ऊं!" मी खिशातला मोबाईल काढून दाखवतोय, बघा, बंद आहे! त्या बघतच नाहीत! मी एकेक खिळा थुंकतोय, तेवढ्यात आतून इन्स्पेक्टरीण आली, शेपूट ही एवढी फुगलेली. विहीणबाईंच्या पायापाशी ओरडली. हाकलली तर त्यांचा पायमोजा दातात धरून ओढला! "बघा! बघा हिची हिंमत!" म्हणत त्या तिच्या मागं धावल्या, अन् खोलीच्या दारातून बघतात तर मांजर पाळण्यात, तोंड बाळाच्या पायाशी!

फुर्रर्रर्र! "चावली! चावली!"

सूनबाई डोक्याला साबण तशीच धावत आली. मी पोचलो. नातीचं पायाचं बोट टम्म लाल. चादर लाथांनी बाजूला झालेली, अन् बोटाला दोन वेढे... दोरा. तपकिरी. मेण लावलेला. मी खिशातून बारीक कात्री काढली अन् कापला. बोट हळूहळू गुलाबी झालं. डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो, म्हणाल्या काही नाही झालं, वेळेवर बघितलंत.

घरी आलो तर विहीणबाईंचं सुरू. "मांजरंच दोऱ्यांशी खेळतात! हिनंच आणून टाकला असणार. रविवार कशाला, आत्ताच जातील!" सूनबाईच्या मांडीवर नात, पायाशी इन्स्पेक्टरीण, डोळ्यांत पाणी.

आता मला गप्प बसता आलं असतं. खरंच सांगतो, मनात आलं. कोणाला कळणार होतं? मांजर थोडंच साक्ष देतंय?

मी खिशातलं रीळ काढलं अन् टेबलावर ठेवलं. म्हटलं, "विहीणबाई, दोरा माझा. गादीचा टाका सुटला तो माझा. तुम्ही उठला नाहीत तेही माझ्याच मोबाईलपायी. अन् हे बघा, दोरा अर्धा कुरतडलेला आहे. ही चावत नव्हती. सोडवत होती."

विहीणबाईंनी दोरा हातात घेतला, उजेडात धरला, दातांच्या खुणा बघितल्या. मग खाली वाकल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकल्या. इन्स्पेक्टरणीच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं अन् म्हणाल्या, "शाब्बास."

त्या शाळेत तीस वर्षांत कोणाला शाब्बास म्हणाल्या नव्हत्या, सूनबाईनं सांगितलं!

मग निकाल. मांजरं राहणार. गोदाम रद्द. वाट्या परत जागेवर. मोबाईल जप्त. नवी गादी चष्मा लावून शिवायची. इथवर मी मान डोलावली. मग म्हणाल्या, "अन् व्याही, बाळाच्या खोलीत तुम्ही एकट्यानं जायचं नाही. ही मांजर बरोबर असली तरच."

मी मुलाकडे बघितलं. तो बुटाची नाडी बांधत होता. घरात! बूट नसताना!

तेव्हापासून नातीला बघायचं म्हटलं की मी दाराशी खुर्ची टाकून बसतो. आत ती हुंकारतेय, खुदकन हसतेय, ऐकू येतं सगळं. अन् इन्स्पेक्टरीण माझ्या पायाशी झोपलेली. ती दिवसाचे सोळा तास झोपते, अन् उठवलं तर नख काढते. काल दुपारी दोन तास बसलो. शेवटी उठली एकदाची, आळस दिला, जांभई दिली, माझ्याकडे नीट बघितलं...

अन् कूस बदलून परत झोपली.