पाहणीच्या दिवशी विहीर भरली

"हॅलो?... कोन?... जने, तू होय! जोरात बोल गो, हितं अख्खं गाव विहिरीवर कालवा करतंय... हो, हो, आल्या मॅडम. भूजलवाल्या. तेच तर सांगते, ऐक ना..."

गोदूबाईंनी फोन डाव्या कानाला लावला. उजव्या हातात बादलीचा दोर होता आणि तो सोडायचा त्यांचा विचार नव्हता. त्यांचं सासर किन्हवलीच्या पुढं, धाकट्या बहिणीचं, जनीचं, तिकडं मुरबाड तालुक्यात, धसईच्या बाजूला. दोन्ही गावांच्या उशाशी एकेक दगडाची खदान, आणि याच मॅडम उद्या जनीच्या गावाला जायच्या होत्या.

"अगं, सुकी विहीरच दाखवायची होती, मला काय म्हाईत नाय? खदानीच्या सुरुंगानं झरे गेले, हे त्यांनी डोळ्यांनी बघायला पायजे... पन विहीर भरली ना!... आज! पुरुषभर पानी!... हसू नको, जने... टँकरनं!

...शेटचा टँकर. खदानवाल्या शेटचा. दोन उन्हाळे मागतोय, तवा नाय आला, नि आज सकाळी दारात हजर... हो ना, आजच बरा पाझर फुटला त्याला! मग तुझ्या भावजींनी टँकरपुढं नारळ फोडला... ओवाळला पन असता, कापूर संपला होता. नि पाईप सरळ विहिरीत... अगं मग कुठं सोडनार? टँकर आला की विहिरीतच सोडायचा नि मग आपापलं शेंदायचं. तुमच्यात काय वेगळं करतात?"

सावळाराम, म्हणजे ते भावजी, गोदूबाईंचे यजमान, चिंचेखाली बसून विहीर सोडून बाकी सगळीकडं बघत होते.

"ध्यानात कोनाच्या आलं? माझ्या! भेंडीकडं निघाले होते, वाकून बघते तर आत पानी हलतंय. म्हनलं, मॅडम फोटो काढतील, लिहितील विहिरीला पानी हाय, नि खदान राहील चालू. मग आमी काय पिकवायचं? वालाच्या पानावर आत्ताच बोटानं नाव लिहिता येतं, एवढी धूळ...

मग काय! उपसली!... सगळी!... पंप कसला, लाईट गेलेली. हंडे, कळश्या, दुधाचे कॅन, रविनाच्या लग्नातली पातेली... शेजारच्या मंगळूनं तर हेल्मेट बुडवलं... वाया कशाला घालवू? भेंडीला दिलं, म्हशी धुतल्या, घराघरात टोपं भरली. देवळात महादेवाला पोहता येईल एवढं झालंय.

...हो, नि तेवढ्यात मॅडम! मी अशी कमरेपर्यंत भिजलेली. विचारतात, काय चाललंय हे? तर तुझे भावजी म्हनाले, रंगपंचमी... अगं ती कवाच झाली!

मग मीच बोलले. मॅडम, म्हनलं, हे पानी शेटचं होतं, आमचं नाय, म्हनून काढलं... नाय गो, रागवायच्या कुठं, हसल्या! म्हनतात, मीसुद्धा हेच करनार होते. विहीर रिकामी करायची नि खालून कितपत भरते ते मोजायचं, हीच तर पाहनी!... हो ना! गाडीत डिझेलचा पंप घेऊन आल्यात! आमचे खांदे उतरले नि पंप गाडीत!... तू मातर उद्या टँकर वेशीवरच अडव. नि नारळ कुलपात ठेव.

...आता? आता पानी मोजायची पट्टी सोडलीय खाली, नि सगळे वाकून बघतायत. नाय भरत, नाय भरत, म्हनतायत. मी पन. जलमभर ह्या झऱ्याला ये ये म्हनत आले, नि आज म्हनतेय, बाबा, आज नको..."

गोदूबाई काठावरून आणखी वाकल्या.

"जने... थांब... ओल दिसतेय गो... पानी येतंय... बारीक, सुतळीएवढं..."

मंगळू हळूच सरकला आणि आपली सावली नेमकी त्या कोपऱ्यावर पडेल असा उभा राहिला. मॅडमनी त्याला बाजूला केलं आणि शिडी मागितली.

"उतरल्या खाली!... बुडालो आमी... गप, ऐकू दे... काय? काय म्हनल्या?... जने! म्हनतात, बरं झालं, झरा जिवंत हाय!... अगं, पुरता मेला असता तर शेट म्हनला असता, विहीर आदीपासूनच कोरडी. मेलेल्या झऱ्यासाठी सुरुंग कोन थांबवील? हा जगतोय, म्हनून थांबवायचे!... हो, हो! फोन लावतायत तालुक्याला... विहिरीत रेंज नाय, वर आल्या... लागला!... थांब, भोंगा... ऐकलास? खदानीचा. रोज हाच, नि मागनं सुरुंग... कान झाक, जने!"

गोदूबाईंनी सवयीनं डोळे मिटले. काठावरच्या सगळ्यांनीच मिटले. सावळारामांनी चिंचेला मिठी मारली. मॅडम तेवढ्या फोनवर सांगत होत्या, "लेखी आजच देते. मोजमाप होईपर्यंत एकही नको."

"...हॅलो काय करतेस, लाइन नाय कटली!... हाय मी, हितंच हाय... काय ऐकू येत नाय?... अगं, मला तरी कुठं येतंय! तेच सांगतेय! सुरुंग झालाच नाय!... आता बोलू नको. नुसतं ऐक..."

गोदूबाईंनी दोर सोडला, फोन दोन्ही हातांनी उंच खदानीकडं धरला, आणि बॅटरी संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.