मेलचा गेटपास

पावर हाउसच्या स्टॉपवर हथखोजला जाणाऱ्या ऑटोची वाट पाहताना माझ्यामागे एक रिटायर झालेले काका आणि लॅपटॉपची बॅग घेतलेली प्रेरणा बोलत होते.

“कावून वं प्रेरणा, तुले तर फॅक्टरीनं घरी बसवलं म्हणे?”

“बसवलं म्हणे, काका. आमच्या मेल सर्व्हरवर मी लिस्ट टाकली होती. लिस्टमधल्या कम्प्युटरचाच मेल बाहेर जाईल.”

“म्हंजे गेटपास. प्लांटच्या गेटवर मी तीस वर्षं तेच केलं.”

“तेच. पण मालकाचे साळेसाहेब कुम्हारीहून आपला लॅपटॉप घेऊन आले, आन् त्याइचा मेल अडकला.”

“मंग त्याइचं नाव लिस्टमध्ये टाकून द्यायचं.”

“म्हटलं ना, एक फॉर्म भरा. तर मालक भडकले. म्हणे, माह्या साळ्याले फॉर्म भराले लावतेस? लिस्टच काढून टाक!”

“वा! एका पाहुण्यासाठी गेटच उखडलं.”

“मंग काय, साऱ्या दुनियेतले पाहुणे आले. दोन दिवस आमच्याच सर्व्हरवरून लॉटरीचे मेल पाठवून राहिले. आता फॅक्टरीच्या मेलले बाहेर कोणी दारात उभं करत नाही. टेंडरही पोचलं नाही.”

“आन् चूक तुयी?”

“मंग काय साळेसाहेबाची? मले सस्पेंड केलं.”

“मंग ही बॅग घेऊन कुठं चालली?”

“ड्यूटीवर. सस्पेंडची ऑर्डर त्याइनं फॅक्टरीच्या मेलवरून माह्या घरच्या मेलवर पाठवली म्हणे. मले तर काही आली नाही, काका.”