आधी कळवा, मग पेटवा

बसा, बसा. माईक नको मला, माझा आवाज अख्ख्या गल्लीला पुरतो. नानांच्या फोटोला हार बघवत नाही हो. काय बोलावं माणसानं?

मी सुमन. मिलच्या मागच्या गल्लीत राहते. आमचे हे याच तेलाच्या मिलमध्ये बॉयलरवर. आणि नाना इथले मॅनेजर.

एका वर्षी दगडी कोळसा मिळेना. शेठ म्हणाले, सरकीची टरफलं ढीगभर पडलीयेत, तीच जाळा. शेठ, समोर बसलात, राग मानू नका. तुम्ही असंही म्हणालात, की प्रदूषण मंडळाला मागाहून कळवू. हवेचा कायदा तेव्हा नवा, अमळनेरात विचारतो कोण? नाना म्हणाले, "परवानगीत कोळसा लिहिलाय. जळण बदलायचं तर आधी कळवायचं. लग्न लागल्यावर पत्रिका वाटतात का, शेठ?"

अन् बॉयलर थंड ठेवला! स्वतः एस.टी.नं जाऊन मंडळाला अर्ज दिला. मंडळाचे साहेब येऊन बघेपर्यंत मिल बंद. यांची रोजी बंद. मी गेले ना तणतणत. म्हटलं, "नाना, तुमच्या कायद्यानं माझी चूल विझली. तो साहेब भाकरी देणार आहे का?" भांडले, खूप भांडले. तुम्हीही भांडला असता.

नाना चिडले नाहीत. म्हणाले, "अक्का, तुमच्या सासूबाईंना दमा आहे ना? टरफलाची राख हलकी. ती कुठं जाऊन पडेल, मला ठाऊक नाही. ठाऊक नसताना पेटवू कसं?"

सांगा, कोणत्या मॅनेजरला मागच्या गल्लीतल्या म्हातारीचा दमा माहीत असतो?

साहेब आले. नानांनी त्यांना चहालाही बसवलं नाही, थेट आमच्या घराच्या धाब्यावर, छतावर चढवलं. तिथं ज्वारीचे बिबडे, पापडासारखे, वाळत होते, शेजारी सासूबाई खोकत बसलेल्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, बठ्ठा धूर मन्हाच घरमा येस." सगळा धूर आमच्याच घरात! साहेबांनी चिमणीकडं पाहिलं. म्हणाले, चिमणी उंच करा, राख अडवायची सोय करा, मग खुशाल जाळा. शेठनी तोंड वाकडं केलं, पण केलं सगळं. मिल सुरू झाली.

त्या सकाळी नाना गल्लीत हाका मारत फिरले. "आज टरफल पेटवतोय. बिबडे झाका. राख पडली तर मला येऊन सांगा!" मंडळाला कळवायचं कायद्यात होतं. आम्हाला कळवायचं कुठल्या कायद्यात होतं हो? पण मिलमध्ये काही बदललं, की आधी मंडळाला अन् मग आम्हाला. कधी चुकले नाहीत नाना.

सासूबाई पुढं पुष्कळ जगल्या. माझ्या लेकीच्या हळदीत नाचल्या. गेल्या त्या म्हातारपणानं गेल्या, धुरानं नाही.

आता सगळे उभे राहा. बोलू नका. डोळे मिटा अन् छातीभर श्वास घ्या. सावकाश.

नाना, हा श्वास तुमचा. राम राम.