बोळा गादीत गेला, तेव्हा

...आणि वर मलाच म्हणतात, 'अहो, मला वाटलं तुमच्याकडे आहे!' आता तुम्हीच सांगा, माझ्याकडे म्हणजे कुठे? एका हातात दाभण, दुसऱ्या हातात खोळीचं तोंड, दातांत दोरा... पोरगं काय कानाला अडकवू?

तुम्हाला सांगतो, मी तसा बोलणारा माणूस नाही. चारचौघांत उभं केलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. शाळाही त्यापायीच सुटली म्हणा ना, उत्तर यायचं पण तोंडातून यायचं नाही! पण त्या दिवसाचं आठवलं की राहवत नाही.

आमचा धंदा गाद्यांचा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मध्ये एक पडदा. पुढे मी कापूस पिंजतो, खोळीत भरतो, शिवतो. मागे आई, बायको, वहिनी आणि तीन मुलं. थोरली, मधला आणि धाकटा. धाकट्याला सगळे बोळा म्हणतात, कारण हा कापसाच्या ढिगात बसला की कापूस कुठे संपला आणि पोरगं कुठे सुरू झालं, कळतच नाही! हसताय ना? मीही हसायचो. तेव्हा.

घरात नियम एकच. जो मोकळा असेल त्यानं बोळाला बघायचं. आणि आमच्या घरात मोकळं कोण? कोणीच नाही! मग काय, वहिनी पडदा उचलून म्हणणार, 'भावोजी, घ्या जरा याला, दूध उतू जातंय.' बोळा आला माझ्याकडे. गिऱ्हाईक आलं की मी पडद्याखालून हळूच ढकलला तिकडे. तिकडून आई म्हणणार, 'अरे, मी अंघोळीला चाललेय,' की आला परत! आणि त्यालाही तो खेळच वाटायचा हो, पडद्याखालून जाताना खिदळायचा. चालायचं तसं. सहा महिने बिनबोभाट चाललं, मी म्हणतो चाललंच ना?

तर त्या दिवशी तपासनीस साहेबांची गादी होती. जन्मभर गाडीत तिकिटं तपासली, आता घरी बसून सगळं जग तपासतात. 'गादी दुपारच्या आत हवी. मला दुपारी झोप लागते.' बरं म्हटलं. कापूस भरला, तोंड शिवलं, काठीनं चांगली बडवून सारखी केली, आडवे-उभे टाके घातले, गुंडाळली, हातगाडीवर चढवली, गेली. हुश्श करून बसलो. आणि तेवढ्यात मला काय जाणवलं माहितीये?

शांतता.

आमच्या घरात शांतता! पडदा उचलला. थोरली आणि मधला पाटीवर मांजर काढत बसलेले.

'बोळा कुठाय?'

बायको म्हणाली, 'मला वाटलं तुमच्याकडे आहे!'

वहिनी म्हणाली, 'मला वाटलं आईंकडे आहे!'

आई ओल्या केसांनी बाहेर आली. 'माझ्याकडे? अरे, मला वाटलं तुझ्याकडे आहे! मघाशी तो कापसात बसला होता ना?'

कापसात!

मी ढिगाकडे बघितलं. ढीग कुठे होता? ढीग सगळा गादीत गेला होता! आणि ती गादी मी... अहो, मी ती काठीनं बडवली होती! या हातांनी! आई म्हणते, 'अरे, आत असता तर रडला असता की.' कापसात कुठला ऐकू येतोय आवाज? बायकोनं नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानंच मी धावत सुटलो.

वाटेत कोपऱ्यावरचा शिंपी ओरडला, 'काय रे, आग लागली का?' थांबून सांगतो कोण! एक चप्पल गटारापाशी राहिली, दुसरी मीच काढून टाकली. डोक्यात एकच, आत हवा असेल का? कापसातून हवा जाते का? इतकी वर्षं गाद्या शिवतोय, पण हे कधी कोणाला विचारलं नाही हो!

तपासनीसांचं दार उघडंच. आत बघतो तर काय... साहेब गादीवर झोपलेत! आणि साहेब म्हणजे काय, आमच्या दुकानाच्या या दारातून त्यांना तिरकं होऊनच जावं लागतं. त्या अंगाखाली माझा बोळा!

'उठा!' मी ओरडलो. मी! चारचौघांत न बोलणारा!

साहेब दचकून बसले. 'कोण? काय?'

आणि झालं, माझी जीभ चिकटली. 'साहेब... ते... गादीत जरा... राहिलंय.'

'काय राहिलंय?'

'धाकटा.'

पुढचं विचारू नका. मी दाभणानं टाके उसवतोय, साहेब खोळ फाडतायत, वर पंखा गरगरा फिरतोय, आणि खोलीभर कापूस! साहेबांच्या भुवयांवर कापूस, देवासारखे दिसत होते. मी हात घालतोय, चाचपतोय, 'बोळा, बोळा' म्हणतोय... आणि हाताला लागला एक मोजा. चिमुकला. बोळाचा.

तुम्हाला सांगतो, तेवढा क्षण मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. साहेबसुद्धा खाली बसले. म्हणाले, 'पोरा, धीर धर,' आणि त्यांचाच आवाज फुटला.

तेवढ्यात दारात थोरली. धापा टाकत. 'बाबा! सापडला! पुढच्या गिऱ्हाईकाच्या खोळीत झोपलाय!'

रिकाम्या खोळींची चळत होती कोपऱ्यात. त्यातल्या सगळ्यांत वरच्या खोळीत शिरून पठ्ठ्या गाढ झोपला होता, एका पायात मोजा. म्हणजे बघा, मी आणखी तासभर कामाला लागलो असतो तर... नको. ते वाक्य मी अजून एकदाही पूर्ण केलेलं नाही.

घरी आलो. त्याला छातीशी धरला आणि लहान मुलासारखा रडलो. त्यानं डोळे उघडले, माझ्या केसांतला कापूस काढला आणि परत झोपला. बायको डोळे पुसत म्हणाली, 'आता नीट लक्ष ठेवा हं.' म्हणजे मी! पुन्हा मीच!

साहेबांची गादी फुकटात परत भरून दिली. तेव्हापासून माझा एक नियम आहे. शेवटचा टाका घालायच्या आधी गादीवर दोनदा थाप मारायची आणि विचारायचं, 'आत कोणी आहे का?' गिऱ्हाईकं एकमेकांकडे बघतात. शिंपी म्हणतो, डोक्यात कापूस गेलाय. जाऊ दे. मी विचारतो.

परवाचीच गोष्ट. दुहेरी गादी होती. दोरा ओवला, थाप मारली, विचारलं, 'आत कोणी आहे का?'

आतून आवाज आला, 'नाही!'

काय करणार... दोरा बाजूला ठेवला, आणि बसलो टाके उसवत.