व्हायोलिन वाळतंय

ज्या कुणी पहिल्यांदा म्हणून ठेवलं ना, की छंद फावल्या वेळात जोपासावा, त्याला एकतर छंद नसणार, नाहीतर घर तरी नसणार! फावला वेळ... असतो कुणाला हो? आमच्या वहिनीला विचारा. सकाळी सगळ्यांचे डबे, मग दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचे, आल्यावर धाकट्या लेकीचा अभ्यास, आणि ह्या सगळ्याच्या फटीफटीतून ही बाई व्हायोलिन करते. वाजवत नाही हो, करते, लाकडातून, स्वतःच्या हातांनी! भात शिजेपर्यंत रंधा, कपडे भिजेपर्यंत पॉलिश पेपर. आई म्हणते, "अगं, मी केर काढू की भुसा उपसू?" दादा म्हणतो, "माझ्या चहात लाकूड आहे." वहिनी म्हणते, "गाळून देते," आणि वहिनीचं आपलं खसर-खसर चालूच.

मी नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला, माझं रक्त उसळतं. म्हटलं, "वहिनी, कलेला सर्वस्व द्यावं लागतं, असं चोरून-मारून नाही जमत, सोड ती नोकरी, सोड हा संसार." ती म्हणाली, "सोडते की. धाकटीच्या वेण्या उद्यापासून तुम्ही घालाल ना, भाऊजी?" मी... विषय बदलला. वहिनीचं खसर-खसर चालूच.

तर तुम्हाला सांगतो, कित्येक वर्षांनी ते व्हायोलिन पुरं होत आलं. राहिला फक्त वार्निशचा शेवटचा हात. आता ओल्या वार्निशला धूळ चालत नाही, आणि आमच्या घरात, वहिनीच्याच कृपेने, धुळीशिवाय दुसरं आहे काय? एक बाथरूम तेवढी स्वच्छ. म्हणून एके सकाळी तो हात देऊन तिने ते तिथल्या दांडीला तारेने टांगलं, दार लावलं आणि सांगितलं, "उद्यापर्यंत कुणी उघडायचं नाही. बोट लागलं की सगळं खरवडून पहिल्यापासून."

आणि त्याच संध्याकाळी दादाचे साहेब जेवायला! ज्यांच्या सहीवाचून दादाची बढती अडलेली, तेच. महिन्यापूर्वीचं आमंत्रण, त्यांना नेमका आजचा मुहूर्त सापडला. दादा दुपारभर धुमसत होता, "आजच? तुझ्या त्या लाकडाला आजच न्हाऊ घालायचं होतं?"

साहेब आले. गप्पिष्ट माणूस, बोलून घसा कोरडा पडायचा आणि ग्लासामागून ग्लास पाणी प्यायचे. मी प्रत्येक ग्लास मोजत... म्हणजे देवाचं नाव घेत बसलो होतो. आणि शेवटी ते उठलेच, "जरा... बाथरूम कुठे?"

तुम्हाला सांगतो, आईचा वाढता हात हवेत थांबला. घरात कधी नव्हे ती शांतता, खसर-खसरसुद्धा नाही. वहिनी उठली, हळूच दादाला म्हणाली, "काढते मी ते. पुन्हा करता येईल." पुन्हा करता येईल म्हणे! इतक्या वर्षांचं काम, आणि आवाज असा की जणू चहा पुन्हा टाकायचाय.

दादाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या नखांत वार्निश अडकलेलं होतं, ते पाहत राहिला जरा वेळ. आणि हा माणूस, चहातल्या भुशावरून रोज कटकट करणारा, माझा सख्खा भाऊ, सरळ म्हणाला, "बस तू. साहेब, आमच्या बाथरूममध्ये व्हायोलिन वाळतंय. आपण वरच्या मजल्यावर जाऊ."

असं वाक्य त्या साहेबांना उभ्या नोकरीत कुणी ऐकवलं नसेल! बिचारे मुकाट्याने जिना चढायला लागले, पुढे दादा, मागे मी, माझी छाती ही एवढी फुगलेली. कला, संसार, त्याग... डोक्यात भाषणच तयार होत होतं. वरच्या काकूंची बेल वाजवली. सकाळपासून आमचं सगळं घर त्यांच्याकडेच आंघोळीला जाऊन आलेलं. काकूंनी दार उघडलं, साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुस्कारा सोडून म्हणाल्या,

"अजून एक राहिलाच होता का? या. गरम पाणी संपलंय, आणि टॉवेल ज्याचा त्याने आणायचा."