जोडे शिवणाऱ्याचा अंगठा

...आणि बरं, अंगठाच का? दहा बोटं पायाला, त्यातली नऊ जन्मभर गुमान बसली, आणि हा डावा अंगठा मात्र घरातल्या थोरल्या जावयासारखा, सारखा आपला फुगलेला! तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षं मी लोकांच्या पायाशी बसलोय. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण पाय वाचता येतो मला. माणूस दुकानात शिरला की तोंडाआधी पाय बघतो, कोण टाच झिजवतो, कुणाची करंगळी घासते, सगळं कळतं. आणि नवा जोडा घालून गिऱ्हाईक दोन पावलांत कण्हलं की माझं ठरलेलं वाक्य, बापानं शिकवलेलं, त्याला त्याच्या बापानं : "थोडे दिवस चावेल, मग सैल होईल." तक्रार घेऊन कुणी परत आलं नाही. मला वाटायचं, झाला असेल सैल. ती माणसं दुसऱ्या दुकानात जात असतील, हे आजवर डोक्यात आलं नव्हतं हो...

तर झालं असं, की नख वाढलं. आता नख काय, वाढतंच. घरात नेलकटर आहे, पण ते हवं तेव्हा सापडलंय कधी कुणाला? माझ्या हाताशी काय, तर रापी. चामडं कापायची आमची पसरट सुरी, रोज धार लावलेली. ज्या हातानं हजारो तळ कापले त्याला एवढंसं नख जड? आणि तळ कापायची आमची रीत अशी की कोपरा म्हणून ठेवायचा नाही. कोपरा राहिला की कशाला तरी अडकतो, मग उचकटतो, म्हणून गोल घ्यायचा. घेतला गोल. दोन्हीकडून, पार आतपर्यंत. काय सुबक दिसत होता अंगठा! चष्मा लावून दोनदा बघितला मी. आणि वर काय केलं, तर त्याच पायात स्वतःच्या हातचा, निमुळत्या टोकाचा कोरा जोडा चढवला. चावला. मी अंगठ्याला म्हणालो, थोडे दिवस चावेल, मग सैल होईल.

अहो, पण चामडं एकदा कापलं की कापलं, नख पुन्हा वाढतं! एवढी साधी गोष्ट पन्नास वर्षांच्या कारागिराला कळू नये? कोपरा गेलेलं नख वाढताना वाट शोधतं, आणि वाट कुठली, तर शेजारच्या मांसातून. आठ दिवसांत अंगठा टम्म.

आता मला भीती अंगठ्याची नव्हती, मुलाची होती. माझा मुलगा कचेरीत असतो, आवाज कधी चढवत नाही, तेच वाईट. मागच्या वर्षी मी दुकानात घसरलो तेव्हा त्यानं शांतपणे सांगून टाकलं होतं, "बाबा, ज्या दिवशी तुम्हाला दुकानापर्यंत धड चालता येणार नाही, त्या दिवसापासून शटर खाली." शटर खाली म्हणजे मी घरी. आणि घरी बसून मी काय करू, खुर्चीच्या पायांना जोडे शिवू?

दुकान घरापासून चारशे पावलं. त्यातली पहिली साठ खिडकीतून दिसतात, आणि खिडकीत चिरंजीव चहा पीत उभे. म्हणून साठ पावलं ताठ, छाती काढून, आणि साठावं संपलं की भिंत धरून, देवा रे, आई गं, करत पुढची तीनशे चाळीस. वाटेत कुणी विचारलं, डोळ्यांत पाणी का, तर म्हणायचो, धूळ गेली. दोन्ही डोळ्यांत? हो, दोन्ही.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! पाय बघायला घेतलाच होता, तर टाचेला भेग दिसली. भेग म्हणजे काय, उसवलेली शिवण. शिवणीवर दोऱ्याला लावायचं मेण घासतात, मी ते टाचेत भरलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं मोजे धुवायला काढले, तर डावा मोजा जमिनीवर आपला आपण उभा राहिला.

"पाय दाखवा," ती म्हणाली.

मी म्हटलं, पायाला काय धाड भरलीय? तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे. दाखवला. ती भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "इतकी वर्षं मी या माणसाला हुशार समजत होते." मुलाला सांगणार नाही, पण आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला, अशी अट घातली.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी माझा पाय मांडीवर घेतला. जन्मभर मी दुसऱ्यांचे घेतले, माझा कुणी घेतला नव्हता. मी असा ओशाळलो... त्या म्हणाल्या, रोज दोनदा कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं पाय बुडवायचा, मग बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा पुसायचा. टाचेला झोपताना व्हॅसलीन आणि वर मोजा, मेण नाही. पू दिसला किंवा लाली वर चढली तर घरचे उद्योग बंद, सरळ डॉक्टर. आणि साखरेचं दुखणं असेल त्यानं तर घरचे उद्योग सुरूच करायचे नाहीत. नख आडवं, सरळ कापायचं, कोपरे ठेवायचे.

"कोपरे ठेवायचे?" मी म्हटलं. "अडकतील की."

"बाबा, हा पाय आहे. जोड्याचा तळ नाही."

मग त्यांनी नखाच्या कडेखाली कापसाची वात सरकवली आणि मी कण्हलो. मान वर न करता बाई म्हणाल्या, "थोडे दिवस चावेल, मग सैल होईल."

मी गारच पडलो. म्हटलं, हे तुम्हाला कसं ठाऊक?

"सहावीत असताना बूट घेतले होते तुमच्याकडून," त्या म्हणाल्या. "अजून सैल व्हायचेत."

तीन आठवडे बंद जोडा घालायचा नाही, असं त्यांचं फर्मान. मग घरी येऊन मी त्याच कोऱ्या जोड्याचं टोक रापीनं उडवलं, या सगळ्यात रापी योग्य जागी चालली ती ही एकदाच. दुसऱ्या दिवशी निघालो, अंगठा पुढे, कंदिलासारखा. खिडकीतून मुलगा म्हणाला, "बाबा, बोट बाहेर आलंय." मी म्हटलं, हवा खातंय. आणि चाललो. साठ पावलं, मागं न बघता. तो मोजत होता, मला ठाऊक आहे, कारण एकसष्टाव्याला कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मी काही भिंत धरली नव्हती.

दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक नवा जोडा घालून कण्हलं. वाक्य जिभेवर आलं होतं हो, गिळलं. म्हटलं, चावतोय ना? मग नका घेऊ. तो गृहस्थ बुचकळ्यात पडला, फळीवरचे सगळे जोडे बघितले, मग खाली बघितलं आणि माझ्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "असा आहे का?"

तेव्हापासून टोक उडवलेलेच शिवतोय. पन्नास वर्षांची कारागिरी फळीवर धूळ खातेय, आणि खपतंय काय, तर माझं दुखणं. काय करता... थोडे दिवस चावेल मनाला. मग होईल सैल.